‘फीवर’चा पहिला आवाज : लिटल विली जॉन

इंग्रजी गाण्यांशी ज्यांचा विशेष परिचय नाही, त्यांच्याही कानांवर ‘फीवर’ हे गाणे कधी ना कधी पडलेले असते. चुटक्यांचा संथ ताल, त्याखाली दबक्या पावलांनी चालणारे बास हे तंतुवाद्य आणि त्यावर जवळजवळ कुजबुजल्यासारखा एका स्त्रीचा स्वर. अमेरिकी गायिका पेगी ली हिने १९५८ मध्ये हे गाणे गायले आणि तेव्हापासून ते तिचेच मानले गेले. १९६० मध्ये एल्विस प्रेस्लीने ते गायले, १९९२ मध्ये मॅडोनाने गायले. मात्र या सर्वांच्या आधी, १९५६ च्या मार्च महिन्यात, सिनसिनाटी शहरातील एका ध्वनिमुद्रण कक्षात अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाने ते पहिल्यांदा गायले होते. त्याचे नाव विल्यम एडवर्ड जॉन. रसिक त्याला लिटल विली जॉन या नावाने ओळखत. त्या एका वसंतात देशभर गाजलेला हा गायक पुढे बाराच वर्षांनी तुरुंगात मरण पावला. तेव्हा त्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

विलीचा जन्म १५ नोव्हेंबर १९३७ रोजी आर्कान्सा राज्यातील कॅमडेन या गावाजवळच्या कलेनडेल येथे झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात मोठ्या संख्येने उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर करीत होती. शेतमजुरी, अपुरे वेतन आणि पावलोपावली होणारा वर्णभेद मागे टाकून कारखान्यांतील नियमित पगाराच्या आशेने लाखो माणसांनी हा प्रवास केला. जॉन कुटुंबही विली लहान असतानाच डेट्रॉइटला येऊन स्थायिक झाले. मोटारींच्या कारखान्यांमुळे या शहराला काम होते आणि कामगारांच्या वस्त्यांत गाणे होते. घरात भावंडे बरीच आणि आई धर्मनिष्ठ. चर्चमधील भक्तिगीते, म्हणजे गॉस्पेल, हेच या घराचे संगीत होते. मेबल ही थोरली बहीण आणि इतर भावंडांसह विली ‘युनायटेड फाइव्ह’ या कौटुंबिक संचात गात असे. एका अक्षरावर अनेक स्वर फिरवीत भाव वाढवत नेण्याची जी रीत पुढे त्याच्या गायकीची खूण ठरली, तिचे मूळ या भक्तिगीतांत होते.

चर्चच्या बाहेर मात्र वेगळे संगीत वाजत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी ठसठशीत तालाचे, सॅक्सोफोन आणि गिटारच्या साथीचे, नाचायला लावणारे किंवा रात्रीच्या एकांतात ऐकावे असे नवे गाणे आकाराला येत होते. व्यापारी जगात या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ असे उघड वंशसूचक नाव होते. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्रिकेने १९४९ मध्ये ते शीर्षक काढून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव आणले. नाव सभ्य झाले, तरी यादी वेगळीच राहिली. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची लोकप्रियता एका तक्त्यात आणि मुख्य प्रवाहातील गाण्यांची दुसऱ्या तक्त्यात मोजली जात असे. दुकाने वेगळी, आकाशवाणी केंद्रे वेगळी, मानधनाचे आकडेही वेगळे. विली जॉनचे पुढील आयुष्य समजून घेताना ही दोन याद्यांची व्यवस्था ध्यानात ठेवावी लागते.

१९५१ मध्ये डेट्रॉइटच्या पॅराडाइज थिएटरमध्ये नवोदितांची एक स्पर्धा झाली. तेव्हाचा नामांकित वाद्यवृंदप्रमुख जॉनी ओटिस त्या वेळी तेथे होता. त्या स्पर्धेत त्याला तीन नावे लक्षणीय वाटली. एक जॅकी विल्सन, दुसरा ‘रॉयल्स’ हा गायकसंच आणि तिसरा जेमतेम तेरा वर्षांचा विली. ओटिसने या तिघांची शिफारस किंग रेकॉर्ड्सचा मालक सिड नेथन याच्याकडे केली. नेथनने फक्त रॉयल्सना करारबद्ध केले. जॅकी विल्सन पुढे दुसऱ्या वाटेने मोठा झाला आणि विलीला आणखी चार वर्षे थांबावे लागले.

ही चार वर्षे त्याने रिकामी घालवली नाहीत. ‘हकलबक’ या नृत्यगीतामुळे प्रसिद्ध झालेल्या सॅक्सोफोनवादक पॉल विल्यम्सच्या वाद्यवृंदाबरोबर तो गावोगाव फिरला. ज्या वयात इतर मुले शाळेत असतात, त्या वयात हा मुलगा बसगाड्यांतून रात्रभर प्रवास करून रोज नव्या गावात, नव्या श्रोत्यांपुढे उभा राहत होता. फिरत्या नाटक कंपनीत वाढलेल्या बालनटाचे जे होते, तेच त्याचेही झाले. रंगमंचावरचा धीटपणा, श्रोत्यांची नाडी ओळखण्याची हातोटी आणि साथीदारांना धरून ठेवण्याचे कसब त्याच्या अंगी लवकर आले. मोठ्या माणसांच्या सवयीही तितक्याच लवकर जडल्या.

१९५५ च्या उन्हाळ्यात विली न्यूयॉर्कमध्ये किंग रेकॉर्ड्सचा निर्माता हेन्री ग्लोव्हर याच्यासमोर उभा राहिला. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात निर्णयाचा अधिकार असलेले कृष्णवर्णीय त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि ग्लोव्हर हा त्यांपैकी एक. स्वतः वादक आणि गीतकार असलेल्या ग्लोव्हरने या सतरा वर्षांच्या मुलाची योग्यता ओळखली आणि विलंब न लावता ‘ऑल अराउंड द वर्ल्ड’ हे गाणे त्याच्याकडून ध्वनिमुद्रित करून घेतले. ही पहिलीच तबकडी रिदम अँड ब्लूजच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. नेथनने चार वर्षांपूर्वी ज्याच्याकडे दुर्लक्ष केले होते, तोच मुलगा आता त्याच्या कंपनीचा आधार होऊ पाहत होता.

त्यानंतर आलेल्या ‘नीड युअर लव्ह सो बॅड’ या गाण्याने विलीचे खरे सामर्थ्य दाखवून दिले. अतिशय संथ लयीत, एकटेपणाची कबुली देणारे हे गाणे तो आवाज न चढवता गातो. प्रौढ माणसाच्या दुःखाचे वजन त्या कोवळ्या, उंच पट्टीच्या स्वरात आले कोठून, असा प्रश्न आजही ऐकणाऱ्याला पडतो. कागदोपत्री या गाण्याचे श्रेय विलीच्या नावावर आहे. मात्र मूळ रचना त्याचा भाऊ मर्टिस याची मानली जाते.

आणि मग १ मार्च १९५६ हा दिवस उजाडला. ‘फीवर’ या गाण्याच्या दोन कर्त्यांपैकी एडी कूली हे एक नाव. दुसऱ्या नावाच्या जागी जॉन डेव्हनपोर्ट असे छापलेले असे. प्रत्यक्षात तो ओटिस ब्लॅकवेल होता. दुसऱ्या कंपनीशी असलेल्या करारामुळे त्याला टोपणनावाचा आश्रय घ्यावा लागला होता. याच ब्लॅकवेलने पुढे ‘डोन्ट बी क्रुएल’सारखी गाणी लिहून प्रेस्लीच्या कीर्तीला हातभार लावला. विलीला हे गाणे आरंभी पसंत नव्हते, चुटक्यांची कल्पना तर त्याला रुचलीच नव्हती, असे सांगितले जाते. ग्लोव्हरने त्याची समजूत घातली. सॅक्सोफोनची खर्जातली, काहीशी अशुभ वाटणारी साथ, बिल जेनिंग्जची गिटार आणि मध्येमध्ये वाजणाऱ्या चुटक्या यांवर विलीचा स्वर तापाच्या ग्लानीत असल्यासारखा वरखाली होतो. पेगी लीच्या गाण्यातील नायिका तापाकडे किंचित हसून पाहते. विलीच्या गाण्यात तो ताप खरोखर अंगात भिनलेला आहे.

गाणे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मुख्य प्रवाहाच्या यादीत मात्र ते चोविसाव्या क्रमांकाच्या वर सरकले नाही. तबकडीच्या सुमारे दहा लाख प्रती खपल्याचे सांगितले गेले. अठराव्या वर्षी विली देशभरातील कृष्णवर्णीयांच्या नाट्यगृहांचा लाडका झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरमध्ये त्याच्या कार्यक्रमाआधी गाऊन सभागृह तापवण्याचे काम ज्या तरुण गायकाकडे असे, त्याचे नाव जेम्स ब्राउन. ब्राउनची पहिली तबकडी याच वसंतात आणि किंगच्याच उपकंपनीकडून आली होती. पुढे जगभर गाजलेल्या या कलावंताने, विलीनंतर रंगमंचावर जाऊन टिकून राहणे किती अवघड आहे, हे त्या दिवसांत पुरते अनुभवले आणि तो ते कधी विसरला नाही.

दोन वर्षांनी पेगी लीने ‘फीवर’ हाती घेतले. तिने सॅक्सोफोन आणि गिटार बाजूला ठेवून केवळ बास, तालवाद्य आणि चुटक्या ठेवल्या आणि रोमिओ-ज्युलिएटसारख्या प्रेमी युगुलांचे उल्लेख असलेली नवी कडवी जोडली. ही कलाकृती आपल्या जागी उत्तम आहे. तिला केवळ नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. ते गाणे मुख्य प्रवाहाच्या पहिल्या दहांत गेले आणि पहिल्यावहिल्या ग्रॅमी पुरस्कारांच्या नामांकनांत आले. नंतरच्या बहुतेक गायकांनी हाच आराखडा डोळ्यांसमोर ठेवला. प्रेस्लीचे ‘फीवर’ ऐकले तर तो पेगी लीच्या वाटेने चालला आहे, हे सहज कळते.

विलीला यातून काय मिळाले? आर्थिकदृष्ट्या काहीच नाही. गाणे दुसऱ्याने गायले की त्याचे स्वामित्वधन गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना मिळते. ते गाणे प्रथम गाऊन त्याला रूप देणाऱ्या गायकाचा त्यावर कायद्याने हक्क नसतो. ग्लोव्हरने सुचवलेली आणि विलीच्या तबकडीवर प्रथम ऐकू आलेली चुटक्यांची चाल हीच पुढे त्या गाण्याची ओळख ठरली. परंतु तशा गोष्टींची नोंद कोणत्याही करारात होत नव्हती. शिवाय दोन याद्यांच्या त्या व्यवस्थेत, विलीचे गाणे ज्या घरांत कधी पोहोचलेच नव्हते, तेथे पेगी लीचे गाणे पहिले म्हणून पोहोचले. त्या श्रोत्यांच्या लेखी विली नव्हताच.

तरीही त्याचा बहर एवढ्यावर ओसरला नाही. १९५८ मध्ये ‘टॉक टू मी, टॉक टू मी’ या हळुवार गाण्याने त्याला मुख्य प्रवाहाच्या यादीत विसावा क्रमांक मिळवून दिला. १९५९ चे ‘लीव्ह माय किटन अलोन’ हे खट्याळ, दणदणीत गाणे. १९६० मध्ये ‘स्लीप’ ही १९२० च्या दशकातील जुनी चाल नव्या ठेक्यात गाऊन तो तेराव्या क्रमांकापर्यंत गेला. मुख्य प्रवाहात त्याला लाभलेले हे सर्वांत वरचे स्थान. विरहगीत, नृत्यगीत, थेट ब्लूज आणि तंतुवाद्यांच्या साथीचे नाजूक गाणे हे सारे प्रकार तो सारख्याच सहजतेने हाताळत असे. पाच-सहा वर्षांत त्याने जे गाऊन ठेवले, त्यातून पुढे ‘सोल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीताची पायवाट तयार झाली.

मात्र या यशाला आतून कीड लागली होती. विली अंगकाठीने लहान, पोशाखाचा शौकीन, खर्चिक आणि दिलदार होता. त्याचबरोबर तो चटकन संतापणारा, जुगारात रमणारा आणि मद्याच्या आहारी गेलेला होता. अपस्माराचे झटके त्याला येत आणि सततच्या प्रवासात त्या दुखण्याची योग्य काळजी घेतली जात नसे. १९५७ मध्ये त्याचा विवाह झाला, दोन मुलगे झाले. परंतु संसारापेक्षा रस्त्यावरचे दिवस अधिक होते. दरम्यान काळ बदलत होता. डेट्रॉइटमध्येच मोटाउन ही नवी कंपनी उभी राहिली आणि तिने एकल गायिका म्हणून सर्वप्रथम जिला करारबद्ध केले, ती विलीची बहीण मेबल जॉन होती. नव्या संगीताची लाट त्याच्याच शहरातून, त्याच्याच घराच्या उंबऱ्यावरून उसळत असताना तो स्वतः मात्र मागे पडत चालला होता. १९६३ पर्यंत किंग रेकॉर्ड्सशी असलेला त्याचा संबंध तुटत आला. मोठ्या नाट्यगृहांच्या जागी लहान क्लब आले.

अशाच एका दौऱ्यात, १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये, तो वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहरात होता. कार्यक्रम संपल्यानंतर रात्री उशिरा भरलेल्या एका मैफलीत क्षुल्लक कारणावरून वाद झाला. एका धिप्पाड माणसाने विलीला ठोसा मारला आणि त्यानंतरच्या झटापटीत चाकूचा वार होऊन तो माणूस मरण पावला. विलीवर खटला चालला आणि ज्युरीने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. विलीची कथा सांगताना त्याच्या प्रतिभेच्या मोहात पडून या प्रसंगाकडे केवळ दुर्दैव म्हणून पाहण्याची चूक अनेकदा होते. त्या रात्री एका माणसाचा जीव गेला, त्यालाही घरदार असेल, हे कोणत्याही गाण्याने पुसले जात नाही. वर्णाने कृष्ण आणि नावाने प्रसिद्ध अशा आरोपीला त्या काळच्या न्यायालयात कितपत समान वागणूक मिळाली असेल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

अपील प्रलंबित असताना विली जामिनावर बाहेर होता. या अवधीत, १९६६ च्या फेब्रुवारी महिन्यात, कॅपिटल रेकॉर्ड्ससाठी निर्माता डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड आणि संगीत संयोजक एच. बी. बार्नम यांच्याबरोबर त्याने गाणी ध्वनिमुद्रित केली. विशेष म्हणजे पेगी लीचे ‘फीवर’ ज्या कंपनीने काढले होते, तीच ही कंपनी. शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या या माणसाचा आवाज त्या गाण्यांत किंचित जाड झालेला आहे, पण त्याची पकड सुटलेली नाही. कायदेशीर गुंतागुंतीत सापडून ही गाणी त्या वेळी प्रकाशितच झाली नाहीत. अपील फेटाळले गेले आणि १९६६ च्या जुलैमध्ये विलीची रवानगी वॉला वॉला येथील राज्य कारागृहात झाली.

तेथून तो परतला नाही. २६ मे १९६८ रोजी कारागृहात त्याचा मृत्यू झाला. हृदयविकाराचा झटका हे अधिकृत कारण नोंदवण्यात आले. काहींनी न्यूमोनियाचा उल्लेख केला. कुटुंबीयांच्या मनातील शंका मात्र कधी पूर्ण फिटल्या नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि अमेरिका अस्वस्थतेने धुमसत होती. त्या गदारोळात एका विस्मृत गायकाच्या तुरुंगातील मरणाची बातमी कितीशी ऐकू येणार? डेट्रॉइटजवळ वॉरन येथील डेट्रॉइट मेमोरियल पार्क या दफनभूमीत त्याला निरोप देण्यात आला.

ज्यांनी त्याला ऐकले होते, ते मात्र विसरले नाहीत. त्याच वर्षी जेम्स ब्राउनने आपला एक संपूर्ण अल्बम विलीच्या स्मृतीला वाहिला आणि अल्बमच्या नावातच त्याचे नाव गुंफले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘फ्लीटवूड मॅक’ या तेव्हाच्या तरुण संचाने ‘नीड युअर लव्ह सो बॅड’ गाऊन ते नव्या पिढीपर्यंत नेले. ‘बीटल्स’नी १९६४ मध्येच ‘लीव्ह माय किटन अलोन’ ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. ते १९९५ मध्ये प्रकाशात आले. १९९६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने विलीला आपल्या मानकऱ्यांत स्थान दिले. त्याचा मुलगा कीथ जॉन हा दीर्घकाळ स्टीव्ही वंडर यांच्या संचात सहगायक होता. कॅपिटलसाठी केलेली ती अखेरची गाणी २००८ मध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर ४२ वर्षांनी, रसिकांच्या हाती आली.

हा सारा सन्मान उशिराचा आहे आणि त्यातही विली बहुधा दुसऱ्यांच्या नावांच्या आधाराने उभा दिसतो. अमुक गायिकेच्या गाण्याचा पहिला गायक, तमुक गायकाचा आदर्श, अमक्या संचाने गायलेल्या गाण्याचा मूळ आवाज. प्रत्यक्षात त्याच्या तबकड्यांना अशा कोणत्याही आधाराची गरज नाही. १९५५ ते १९६० या काळातील त्याची गाणी आज सहज उपलब्ध आहेत आणि बरीचशी तीन मिनिटांच्या आत संपतात. ‘फीवर’चे ते १९५६ मधील रूप ज्यांनी ऐकलेले नाही, त्यांनी पेगी लीचे गाणे ऐकल्यावर लगेच ते ऐकावे. आरंभीच्या खर्जातल्या सॅक्सोफोननंतर तो उंच, कोवळा, तरीही अनुभवाने पोळलेला स्वर येतो आणि अठरा वर्षांच्या त्या मुलाचे हे गाणे होते, याविषयी मग शंका उरत नाही.